हळदीच्या वाट्या

डबा उघडला की मिलच्या मावशी आधी वास घ्यायच्या. मग चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन हलकेच फुंकर मारायच्या, आणि पिठातून जो कोणी धडपडत बाहेर येईल त्याला विचारायच्या, "तू कुनाकडचा रे?"

लग्नघरात अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं. आवाजात राग नसायचा. किडा तळहातावरून मनगटाकडे चालू लागायचा, मावशी चष्मा नाकावर ढकलून त्याच्याकडे बघत राहायच्या, आणि जिचा डबा असेल ती बाई शेजारी लाजेनं अर्धी झालेली असायची. "लाजू नको," मावशी म्हणायच्या. "धान्य हाय तिथं हे येनार. आधी वळख काढू, मग घालवू."

पंचवटीत पेठ रोडला आमची चार मजल्यांची इमारत आहे. खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर मावशी. माहेर मखमलाबादचं, झेंडू आणि शेवंती पिकवणाऱ्या घरातलं. लग्न होऊन शहरात आल्या आणि द्वारका चौकाच्या पलीकडे एका डाळ मिलमध्ये तीस वर्षं डाळ निवडत बसल्या. लोक माणसांची तोंडं लक्षात ठेवतात, त्यांनी किड्यांची ठेवली. मी शाळेत भूगोल शिकवते. गोदावरीच्या उपनद्या मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन, पण रव्यात काहीतरी वळवळताना दिसलं की माझं सगळं शिक्षण संपतं.

आमची ओळख झाली ती घंटागाडीमुळे. आम्ही नुकते राहायला आलो होतो. एका रविवारी सकाळी तांदळात किडे दिसले, मग मुगात दिसले, मग रव्याची पिशवी उघडली तर तीही तशीच. मला वाटलं, एकच टोळी सगळ्या स्वयंपाकघरात पसरली. खाली घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. मी तिन्ही पिशव्या उचलल्या आणि जिन्यावरून धावत सुटले.

पहिल्या मजल्यावर मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही, फक्त हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. नाव विचारलं नाही, कुठल्या मजल्यावरची विचारलं नाही. एकेकीत नाक घातलं, पायरीवर बसल्या आणि आतून वर्तमानपत्र आणायला सांगितलं. त्यांच्याच घरातून. मी पहिल्यांदाच त्या घरात शिरले होते आणि वर्तमानपत्र शोधत होते. खाली घंटागाडी निघून गेली.

मावशींनी पदराच्या काठात खोचलेली सुई काढली. सुईच्या मागच्या टोकानं त्यांनी तीन किडे कागदावर ओळीनं मांडले. हा तांदळातला टोका, ह्याची सोंड बघ. हा मुगातला भुंगा, ह्याला तांदूळ फुकट दिला तरी नको. ही रव्यातली अळी, हिचं पाखरू व्हतं आन् ते दिव्याभोवती फिरतं. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे त्यांनी मला अशा सुरात सांगितलं, जसं काही मी उगाच सोयरीक जुळवली होती.

मग उपाय. तांदूळ सावलीत पसरायचा, कडक उन्हात घातला तर त्याच्या कण्या होतात. मूग आठवडाभर फ्रीझरमध्ये. रवा चाळून, भाजून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. फळीच्या कोपऱ्यातलं पीठ सुईनं उकरून काढायचं, कारण "डबा धुतेस, पन त्यांचं घर फळीत हाय." मी तिन्ही पिशव्या घेऊन वर गेले. त्यातलं काहीही वाया गेलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आमच्या घरात मावशी आल्या की सरळ स्वयंपाकघरात जायच्या. मी फवारणीची बाटली आणली तर ती त्यांनी जप्त केली. चिलटं झाली तेव्हा ग्लासात केळ्याची साल घालून वर कागदाचं नरसाळं बसवलं आणि म्हणाल्या, "आत यायला वाट हाय, जायला नाय." दुसऱ्या दिवशी ग्लासात चिलटांची सभा भरली होती.

त्यांच्या लेकीनं, ती सायखेड्याला दिलेली, आपला जुना फोन आईला दिला आणि इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं रूपच बदललं. सकाळी देवांचे फोटो यायचे आणि दुपारनंतर किड्यांचे. मावशींना टाइप करता यायचं नाही, त्या बोलून पाठवायच्या. आधी एक मोठा श्वास, मग "हां", मग निकाल. चेअरमन साहेबांच्या बायकोनं एकदा घाबरून काळ्या ठिपक्यांचा फोटो टाकला. उत्तर आलं, "हां. वहिनी, ही मोहरी हाय." चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना उत्तर आलं, "हां. ह्यात किडा दिसत नाय, तुमचा अंगठा दिसतोय. नख काढा." हे सगळ्या इमारतीनं ऐकलं. त्या गृहस्थांनी नख काढल्याचा फोटो पाठवला.

मावशींचे मालक, म्हणजे यजमान, शिंपी होते. सडपातळ, गळ्यात कायम टेप, आणि तोंडात वेलदोडा. बोलायचे फार कमी. आम्ही आलो तेव्हा ते होते, पुढे चार वर्षांनी गेले. त्यांची एक गोष्ट मात्र इमारतीत सगळ्यांना पाठ होती, कारण मावशी ती प्रत्येकाला सांगायच्या. मालकांना तंबाखूचं व्यसन होतं. ते जायच्या अकरा वर्षं आधी मावशी त्यांना वणीच्या गडावर घेऊन गेल्या, देवीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. "एका शब्दावर सोडली," मावशी म्हणायच्या. "पुन्हा हात लावला नाय."

बायकांनी या गोष्टीचा चांगला उपयोग करून घेतला. ज्या ज्या घरात सिगरेट, गुटखा, तपकीर असेल त्या त्या घरात मावशींच्या मालकांचं उदाहरण रोज दिलं जाई. इमारतीतले पुरुष त्यांना टाळत. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवून पुढे जात. गोष्ट चालू असली की मालक जमिनीकडे बघत वेलदोडा चघळत उभे राहायचे. मला वाटायचं, काय विनयी माणूस आहे.

ते गेल्यावर मावशी महिनाभर घराबाहेर पडल्या नाहीत. आम्ही डबे न्यायचो, त्या दोन घास खायच्या. डब्याचा वाससुद्धा घ्यायच्या नाहीत. मग एका दुपारी ग्रुपवर कोणीतरी भुईमुगाच्या दाण्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं, ह्यात काय झालंय कोणाला माहीत आहे का? मग मोठा श्वास ऐकू आला. "हां."

आता खरी गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या तोंडावरची.

संध्याकाळी ट्यूब लावली की स्वयंपाकघरात बारीक तांबूस किडे उडायला लागले. तिळाएवढे. मिरचीपुडीत, हळदीत, धन्यात सगळीकडे तेच. चकलीची भाजणी करायची वेळ आणि बायका डबे उघडायला घाबरू लागल्या. आमच्या इमारतीत मजल्यावर चार घरं. दोन रस्त्याच्या बाजूला, दोन मागच्या बाजूला. मागच्या घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका अरुंद, उभ्या पोकळीत उघडतात, तिला आम्ही डक्ट म्हणतो. किडे झाले ते या मागच्या आठ घरांत.

त्यात दुसऱ्या मजल्यावर, मावशींच्या बरोबर डोक्यावर, एक तरुण जोडपं भाड्यानं राहत होतं. सटाण्याकडचं. डबे करून द्यायचं. बायको, आम्ही तिला मुलगीच म्हणायचो, पहाटे उठून चाळीस माणसांचं जेवण करायची, नवरा व्हॅनमधून पोचवायचा. त्यांच्या घरात मसाल्यांची पोती, त्यामुळे किडेही सगळ्यात जास्त त्यांच्याकडे. चेअरमन साहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना कारण शोधायला वेळ लागला नाही. आधी त्यांनी फवारणीवाल्याला बोलावलं. मावशींनी त्याला जिन्यातच गाठून विचारलं की किडा कोणता आहे. तो म्हणाला, सब मर जाएगा. मावशींनी त्याच्याकडे फार दयेनं बघितलं. फवारणीमुळे दोन दिवस मुलीला डबे बंद ठेवावे लागले, इमारतीला आठवडाभर औषधाचा वास आला, आणि दहाव्या दिवशी किडे पुन्हा ट्यूबभोवती.

तेव्हा चेअरमन साहेबांनी नोटिशीचा कागद तयार केला. महिनाअखेर घर सोडावं. रविवारी गच्चीवर सभा, तिथे सगळ्यांच्या सह्या.

नोटिशीचं कळताच मुलगी माझ्याकडे आली. ती एरवी आमच्याशी शहरासारखं बोलायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून तिकडची भाषाच येऊ लागली. "किडा आमना नही शे," किडा आमचा नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला घेऊन मावशींकडे गेले.

मावशींनी तिच्या ओढणीवर बसलेला एक किडा सुईनं उचलून कागदावर ठेवला. सुई लागताच त्यानं पाय पोटाशी घेतले आणि तो मेल्यासारखा पडून राहिला. मावशी हसल्या. थोड्या वेळानं तो उठून चालू लागला, पुन्हा सुई लावली, पुन्हा मेला. "सोंगाड्या हाय," त्या म्हणाल्या. "पाठीला कुबड, मान खाली. ह्याला मी वळखते. हळद खातो, मिरची खातो. पन ह्याचं माहेर तंबाखूत." मिलला लागून तंबाखूचं गोदाम होतं, तिथून भिंत ओलांडून हे किडे यायचे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे इमारतीत कुठेतरी तंबाखू पडून आहे. मसाल्यात ते नंतर गेले.

हा निकाल ग्रुपवर गेला आणि इमारतीत जे सुरू झालं ते दिवाळीच्या साफसफाईपेक्षा मोठं होतं. बायकांनी नवऱ्यांचे खिसे तपासले, कपाटं तपासली, स्कूटरच्या डिक्क्या तपासल्या. तंबाखू कुठेच मिळाली नाही. बाकी पुष्कळ मिळालं. एकाकडे शेवेचं पाकीट मिळालं, एकाकडे अडकित्त्याची पिशवी, जी हरवली म्हणून सासूबाई दोन वर्षं रडत होत्या. चेअरमन साहेबांना मधुमेह. त्यांच्या इमारतीच्या कागदपत्रांच्या कपाटात पेढ्यांचा बॉक्स मिळाला. जिन्यात दिवसभर हसण्याचे आवाज येत होते. मुलगी सोडून सगळे मजेत होते.

मावशींनी मग दुसरा मार्ग काढला. मागच्या घरांत, डक्टच्या खिडकीशी, प्रत्येकाकडे एक वाटी हळद ठेवायची. दोन रात्री हलवायची नाही. तिसऱ्या दिवशी त्या येऊन मोजणार. कोणाला हे पटलं, कोणाला नाही, पण ठेवली सगळ्यांनी. वाट्यांचे फोटो ग्रुपवर आले. एकीनं वाटीभोवती रांगोळी काढली.

शुक्रवारी मावशी पदर खोचून, वही घेऊन निघाल्या. मुलीच्या वाटीत सत्तावीस. तिच्या समोरच्या घरात बावीस. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर एकोणीस. चेअरमन साहेबांकडे चौथ्यावर फक्त चार. पहिल्या मजल्यावर मावशींच्या समोरच्या घरात पंचवीस. चेअरमन साहेबांना त्या चारचा फार आनंद झाला. स्वच्छता कशाला म्हणतात ते बघा, असं त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

मावशी वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. आकड्यांवर बोट फिरवत म्हणाल्या, वर जावं तसे कमी. म्हणजे खालून येतात. दुसऱ्यावर किंवा पहिल्यावर. मुलगी दाराशी उभी होती. तिनं भीत भीत विचारलं, "मावशी, वाट्या सातच आहेत. आठवी?"

मावशींनी स्वतःच्या घरात वाटी ठेवलीच नव्हती. त्यांचा ओटा म्हणजे आरसा, त्यांचे डबे म्हणजे आमच्या सगळ्यांना लाज वाटावी असे. ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याही नाही. मावशींनी वहीतले आकडे पुन्हा मोजले. मग उठल्या. "बरोबर बोललीस," म्हणाल्या. "ठेवायला पायजे."

शनिवारी सकाळी त्यांनी आम्हाला दोघींना बोलावलं. एकाच रात्रीत वाटीतली हळद तांबडी दिसत होती. मावशींनी किडे मोजले नाहीत. नुसती वाटीकडे, मग वर बघितलं. ओट्याच्या वर पोटमाळा होता. मालकांचं सामान तिथे होतं, ते गेल्यापासून कोणी चढलं नव्हतं.

शिडी लावून मी चढले. शिलाई मशीनचं जुनं झाकण, कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं, आणि त्याच्या मागे, डक्टच्या जाळीला टेकून, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण नीट बसत नव्हतं. मी तो खाली मुलीच्या हातात दिला, मुलीनं मावशींच्या. मावशींनी सवयीनं वास घेतला. आणि उघडायच्या आधीच खाली बसल्या.

आत कापडाच्या सात लहान बटव्या होत्या. बारीक, सुबक शिलाई, तोंडाला ओढायची नाडी. प्रत्येकीत तंबाखूचा भुगा आणि त्यात किडेच किडे. शेजारी चुन्याची डबी. आणि वेलदोड्यांची पुडी, बरीचशी पोखरलेली.

मावशींनी एक बटवी उचलली आणि कापडावरून अंगठा फिरवला. "ही माझी निळी," म्हणाल्या. "लेकीच्या बारशाला घातलेली." मग दुसरी. ती मिलमधल्या एका दिवाळीची. तिसरी भावाच्या लग्नाची. मालकांनी त्यांच्या ब्लाउजांच्या उरलेल्या कापडांतून बटव्या शिवल्या होत्या. सातही त्यांनी ओळखल्या. आठवड्याच्या वारांप्रमाणे सात, हेही त्यांच्याच लक्षात आलं.

"इलायची खायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी शेजारी बसते म्हनून खातात."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मावशींचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, रडतायत. मुलगी पाणी आणायला धावली. पण मावशी हसत होत्या. आवाज न करता सुरू झालं, मग आवाज फुटला, मग त्यांना श्वास घेता येईना. बटवीतून एक किडा उडाला आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बसला, तो दिसल्यावर आणखी हसू आलं. "तीस वर्षं डाळीतला खडा सोडला नाय मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "आन् हा एवढा मोठा मानूस निवडायचा राहिला."

मग मीही हसायला लागले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मुलगीही. आम्ही तिघी त्या फरशीवर बसून, किडे अंगाखांद्यावर फिरत असताना, पोट धरून हसत होतो.

हसणं ओसरलं तेव्हा मावशी बटवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?" त्या म्हणाल्या. "भांडले असते दोन दिवस. तेवढ्यासाठी अकरा वर्षं शिडी चढला." गुडघे दुखतात म्हणून मालक देवळाच्या पायऱ्याही चढत नसत, हे आम्हाला माहीत होतं.

मी म्हटलं, मावशी, डबा टाकून देऊ. किडे आपोआप कमी होतील. कोणाला सांगायची काय गरज आहे? माझा हेतू वाईट नव्हता. मालकांचं नाव होतं, मावशींचा मान होता. मावशींनी डोळे पुसले. मुलीकडे बोट दाखवलं. "आन् उद्या हिनं घर सोडायचं?"

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले. चेअरमन साहेबांनी नोटीस वाचायला घेतली. पहिलंच वाक्य संपत होतं तेवढ्यात मावशी डबा घेऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, कागद ठेवा. किडा माझ्या घरातला हाय."

त्यांनी डबा मधल्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि एक बटवी उघडून सगळ्यांना दाखवली. तंबाखू ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. ती कोणाची हेही सांगावं लागलं नाही. मग मागून एक पुरुष फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग पुरुषांची सगळी बाजूच हसत सुटली. इतक्या वर्षांची घुसमट होती ती. एक जण तर टाळ्या वाजवत होता. मावशी हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

मग त्या बायकांकडे वळल्या. "मी तुमाला सांगत व्हते, ह्यांनी एका शब्दावर सोडली. ते खोटं निघालं. माझ्यामुळं नवऱ्यांना जे काय बोलला असाल, ते परत घ्या." थोडं थांबून म्हणाल्या, "तंबाखूपुरतंच. बाकीचं राहू द्या."

यावर बायका हसल्या. चेअरमन साहेबांनी नोटिशीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मुलीचा नवरा एवढा वेळ पाण्याच्या टाकीशी उभा होता, तो तोंड फिरवून पलीकडे बघू लागला.

पुढचे आठ दिवस सगळी इमारत मावशींच्या हुकमाखाली होती. तंबाखू जाळली. पोखरलेली हळद-मिरची टाकली, चांगली राहिली ती पिशव्यांत बांधून मुलीच्या मोठ्या फ्रीझरमध्ये. फळ्यांच्या फटी सुईनं उकरल्या, पुसल्या, कोरड्या केल्या. डक्टच्या जाळ्या धुतल्या. ज्या पुरुषांनी सगळ्यात मोठ्यानं हसून घेतलं होतं, त्यांना मावशींनी पोटमाळ्यांवर चढवलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी ट्यूबभोवती एकही किडा नव्हता आणि जिन्यात चकल्यांचा वास होता.

त्या बटव्या मावशींनी टाकल्या नाहीत. फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवून, धुऊन, गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. सात रंगांच्या, एवढ्याएवढ्याशा. खालून जाणाऱ्या भाजीवालीला वाटलं, घरात बाळ आलं. तिनं वर बघून विचारलंही, मुलगा की मुलगी. मावशींनी तिला काय सांगितलं कोण जाणे, ती बराच वेळ हसत उभी होती.

पुढच्या वर्षी मावशींचे गुडघे अगदीच गेले आणि लेक त्यांना सायखेड्याला घेऊन गेली. पहिल्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे. चांगली माणसं आहेत. फोनवर मावशी भेटायच्या, मोठा श्वास ऐकू यायचा. या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला की आई झोपेतच गेली.

दहाव्याला आम्ही सायखेड्याला गेलो. डब्यांच्या व्हॅनमधून, मुलीचा नवरा चालवत होता. मुलगी, मी, चेअरमन साहेब आणि त्यांची बायको. घाटावर विधी झाला. लेकीनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना गर्दी टाळायची म्हणून मुलीच्या नवऱ्यानं गाडी द्वारकेकडून घेतली आणि अर्थातच आम्ही द्वारकेला अडकलो. चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, दुचाक्या. उकडत होतं. तेवढ्यात चेअरमन साहेब, कोणाकडेही न बघता, बोलायला लागले.

"माझ्या वाटीत अकरा होते."

आम्हाला कळेना.

"हळदीच्या वाटीत. त्या मोजायला यायच्या आधी मी सात काढून टाकले."

त्यांची बायको त्यांच्याकडे वळून बघत राहिली. मी विचारलं, मावशींना कळलं नाही?

"वाटी बघितली. चार म्हणाल्या, वहीत लिहिलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. बोटं पिवळी होती माझी." चेअरमन साहेबांनी आपली बोटं वर करून दाखवली. "म्हणाल्या, साहेब, हात धुऊन घ्या. वहिनी येतायत."

पहिल्यांदा त्यांची बायकोच हसली. मग मुलगी, मग मी, आणि शेवटी स्वतः चेअरमन साहेब, डोळ्यांवर रुमाल धरून. दहाव्याहून परतणारी, पांढऱ्या कपड्यांतली पाच माणसं भर चौकात एवढी हसतायत हे बघून शेजारच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. सिग्नल केव्हाच सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मुलीच्या नवऱ्याला डोळे पुसल्याशिवाय पुढचं काही दिसत नव्हतं.